पडलेलं शिंग आणि काढलेलं शिंग

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपल्या वाचकपत्रांत एका तरुण गिर्यारोहकाचं पत्र वाचलं. कोयनेच्या रानात भटकताना सांबराचं गळून पडलेलं शिंग सापडलं, ते घरी आणलं तर वनखात्यानं हरकत घेतली. जनावर कुणी मारलं नाही, मग गुन्हा कसला, असा त्याचा सवाल आहे. अमेरिकेच्या डोंगरमुलखात लोक अशी शिंगं उघड गोळा करतात, विकतात, शिकारीचे परवानेही मिळतात, आपल्याकडे मात्र सगळ्याला बंदी, असंही त्यानं लिहिलं आहे. मला त्याचा राग आला नाही. हाच प्रश्न मी स्वतः चाळिशीपर्यंत डोक्यात घेऊन फिरत होतो. पत्र थोडं लांबेल, पण जागा द्यावी ही विनंती.

मी पाटण तालुक्यातला. पशुसंवर्धन खात्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून नोकरी केली, ती बहुतेक कोयना आणि मोरणेच्या खोऱ्यांत. वाड्यावस्त्यांवर लोक मला डॉक्टरच म्हणायचे. लस टोचणं, अडलेली गाय सोडवणं, जखमा बांधणं यात उमर गेली. त्यामुळं रानाशी माझा संबंध आला तो जखमी जनावरांच्या बाजूनं.

आमच्या घरी ओसरीवर सांबराचं एक शिंग होतं. एकच, डाव्या बाजूचं. चांगलं दीड हात लांब, बुडाशी मनगटाएवढं जाड, अंगावर चिंचेच्या सालीसारख्या उभ्या रेघा, आणि टोकं मात्र वापरून वापरून हस्तिदंतासारखी गुळगुळीत झालेली. शिसवी फळीवर डांबरानं बसवलेलं. मुंडासं, पिशवी, कंदील सगळं त्याच्यावर अडकवलेलं असायचं. घरात कुणाला गालगुंड झालं, पाय मुरगळला, छातीत चमक भरली की आजी ते फळीसकट खाली काढायची, सहाणेवर टोक उगाळायची आणि पांढरा लेप लावायची. शेजारपाजारच्याही बाया वाटी घेऊन यायच्या. आयुर्वेदात शृंगभस्माचं नाव आहे, त्या शास्त्रात मी शिरत नाही. एवढंच सांगतो की गालगुंड आठ-दहा दिवसांत बहुधा आपलं आपण उतरतं आणि श्रेय शिंगाला जातं.

हे शिंग कुठलं, असं विचारलं की आजा सांगायचा, "सड्यावर गावलं. पडलेलं हुतं." सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं खडकाळ पठार. मीही शाळेत हेच सांगायचो. आजाकडे ठासणीची बंदूक होती, पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची. पण शिंगाचा आणि बंदुकीचा संबंध आमच्या घरात कुणी कधी जोडला नाही.

१९९८ च्या दिवाळीआधी ओसरीला रंग द्यायला काढला. फळी जुनी झाली होती, डांबर सुकून सुटत होतं. शिंग हातात आलं. मी बूड पुसलं आणि तसाच उभा राहिलो. बुडाला करवतीची सरळ खूण होती, आणि खाली रुपयाएवढा पातळ हाडाचा तुकडा. कवटीचा. मी शवविच्छेदनाला डॉक्टरसाहेबांच्या हाताखाली कितीदा उभा राहिलो होतो, मला ते ओळखायला दुसरं कुणी नको होतं.

गळून पडलेल्या शिंगाचं बूड असं नसतं. ते खरखरीत, दाणेदार आणि किंचित फुगीर असतं. पिकलेलं फळ देठातून आपोआप सुटावं तसं. भोवती मणी ओवल्यासारखं कडं असतं, ते अखंड राहतं. कवटीचं हाड त्याला लागलेलं नसतं, कारण डोक्यावरच्या खुंट्यापासून ते स्वतःच सुटलेलं असतं.

मी वडिलांना दाखवलं. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आज्यानं मारलं न्हवतं. गावात पारध झाली, बंदूक आपली नेली. बंदुकीचा वाटा म्हणून शिंग आलं." ही गोष्ट माझ्या जन्माआधीची. वाटे घालायची ती पद्धत जुन्या लोकांना माहीत आहे: हाकाऱ्यांचा एक वाटा, बार टाकणाऱ्याचा एक, बंदुकीचा एक. आजाला दोष द्यायला मी बसलेलो नाही. पण त्या दिवसापासून "पडलेलं होतं" हे सहा अक्षरांचं उत्तर मी कुणाच्याही तोंडून ऐकलं की माझी नजर शिंगाच्या बुडाकडं जाते. आणि नोकरीत हिंडताना मी ज्या ज्या घरात शिंग पाहिलं, त्या प्रत्येक घरात ते "पडलेलंच" होतं.

आता या तरुण मित्राचं शिंग खरोखर पडलेलं असेल असं मी धरून चालतो. तरी ते उचलू नये, याचं कारण मी माझ्या धंद्यातून सांगतो.

बैलाचं शिंग आणि सांबराचं शिंग, मराठीत शब्द एकच, पण वस्तू दोन. बैलाचं शिंग म्हणजे आत हाडाचा गाभा आणि वर नखासारखं कवच. ते जन्मभर टिकतं. सांबराचं शिंग म्हणजे सबंध भरीव हाड. ते फक्त नराला येतं, गळतं आणि पुन्हा उगवतं. आपल्याकडे साधारण उन्हाळ्याच्या तोंडाला गळतं. पावसाळ्यात नवं फुटतं तेव्हा त्याच्यावर मखमलीसारखी लव असलेली कातडी असते, आत रक्त वाहत असतं, हात लावला तर गरम लागतं. थंडी पडेपर्यंत ते टणक होतं आणि नर ती कातडी झाडाला घासून काढतो. चार-सहा महिन्यांत एवढं हाड उभं करायला चुना (कॅल्शियम) आणि स्फुरद (फॉस्फरस) आणायचं कुठून? चाऱ्यातून पुरत नाही म्हणून जनावर स्वतःच्या बरगड्यांतून ते ओढून घेतं. व्यालेल्या दुभत्या गाईच्या अंगातला चुना दुधात उतरतो आणि ती थंड पडून आडवी होते, हे आपल्या शेतकऱ्यांनी गोठ्यात पाहिलं आहे. तसाच हा ताण.

आणि आपलं रान कसं, तर नवजा, महाबळेश्वरकडं वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस. जांभ्याच्या सड्यावरची माती त्या पावसानं वर्षानुवर्षं धुऊन निघालेली. तिच्यात चुना राहत नाही. धनगरवाड्यावरची गुरं उन्हाळ्यात हाडं चघळताना, चप्पल खाताना मी शेकड्यांनी पाहिली आहेत. लोक म्हणायचे, "डाक्टर, हिला खोड लागलीया." ती खोड नव्हे, स्फुरदाची भूक. त्यासाठी आम्ही गव्हाणीत चाटणवीट, म्हणजे जनावरानं चाटायची क्षारांची वीट, ठेवायला सांगायचो. रानातल्या जनावरांना चाटणवीट कोण ठेवणार? गळून पडलेलं शिंग हीच त्यांची चाटणवीट. साळिंदर ते कुरतडतं, उंदीर-घुशी कुरतडतात, हरणंसुद्धा हाडं आणि शिंगं चघळतात. वासोट्याकडच्या एका वाटेवर मी एकदा असं शिंग पाहिलं होतं. अर्धं उरलेलं, आणि उरलेल्यावर साळिंदराच्या दोन-दोन दातांचे चर शेजारी शेजारी, पटाशीनं कोरल्यासारखे. पुढच्या हिवाळ्यात त्याच वाटेनं गेलो तेव्हा वीतभर तुकडा होता. त्याच्या पुढच्या वर्षी काही नव्हतं. ते वाया गेलं नव्हतं, रानाच्या पोटात गेलं होतं.

कायद्याचं म्हणाल तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात शिंग स्पष्ट नाव घेऊन आलेलं आहे. अशी वस्तू शासनाच्या मालकीची, आणि हाती आली तर ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा वनाधिकाऱ्याला कळवायचं, असं कलम ३९ सांगतं. अभयारण्यातून तर परवानगीशिवाय काहीच उचलायची मुभा नाही. काही जण विचारतात, हिरडा गोळा करता येतो, मध काढता येतो, मग शिंग का नको? २००६ च्या वनहक्क कायद्यानं गौण वनोपजाचा हक्क दिला तो झाडाझुडपांपासून मिळणाऱ्या मालाचा, आणि त्यात मध, मेण, लाख धरले. शिंग त्यात नाही. हिरडा गोळा करताना कुणी हिरड्याचं झाड मारत नाही. फरक एवढाच आहे आणि तो मोठा आहे.

कारण खरी अडचण उचलण्यात नाही, विकण्यात आहे.

नोकरीच्या मधल्या काळातली गोष्ट. मोटारसायकलवरून एक माणूस खोऱ्यात हिंडायला लागला. चहाच्या टपरीवर बसायचा, मोठ्यानं सांगायचा, "जुनी शिंगं असतील तर बघा. पडलेलीच घेतो हं, मारलेलं आपल्याला चालत नाही." किलोवर भाव सांगायचा. चाकू-सुऱ्यांच्या मुठी, काठ्यांच्या मुठी, औषधवाले, असं काहीबाही गिऱ्हाईक असल्याचं बोलायचा. सुरुवातीला पोरांनी खरंच पडलेली शिंगं आणून दिली. करवंदं काढायला जाणारी पोरं ती, त्यांना गाडीला पेट्रोल मिळालं. उन्हाळा सरला, पडलेली संपली, भाव तसाच राहिला.

त्या जानेवारीत ओढ्याच्या काठी सांबराचा नर मेलेला सापडल्याची वर्दी आली. वनरक्षक, आमचे पशुवैद्यकीय अधिकारी आणि मी, तिघं गेलो. दोनशे किलोचं तरी धूड असेल. मागची एक मांडी कापून नेलेली, बाकी मांस तसंच. आणि डोकं नव्हतं. मानेचा जो भाग उरला होता त्याला तारेचा करकोचा. केस घासून गेलेले, कातडी आत खचलेली, भोवतालची माती खुरांनी फावड्यानं उकरावी तशी उकरलेली. ऐनाचं एक मनगटाएवढं झाड सालीसकट रगडून निघालं होतं, त्यालाच तार बांधली होती. किती वेळ धडपडलं असेल, असं वनरक्षकानं विचारलं. साहेबांनी उत्तर दिलं नाही, फक्त वहीत लिहीत राहिले. त्या मोटारसायकलवाल्याचा आणि या सांबराचा संबंध मी सिद्ध करू शकत नाही. पण ज्यानं डोकं नेलं त्याला मांसाची भूक नव्हती, हे कुणालाही दिसत होतं.

शिंगाची एकदा मूठ केली, चकती केली, पूड केली की बूड राहतच नाही. मग पडलेलं कुठलं आणि कवटीतून काढलेलं कुठलं, हे सांगणारा माणूस ना टपरीवर सापडेल ना प्रयोगशाळेत. पडलेल्या शिंगांचा बाजार खुला करा म्हणणाऱ्यांनी याचं उत्तर आधी द्यावं.

तारेच्या या फासकीबद्दल आणखी लिहिल्याशिवाय मला राहवत नाही, कारण शहरात राहणाऱ्यांना ती दिसत नाही. पूर्वी वाघर म्हणजे जाळी लावायचे. ती सुताची, माणसं दबा धरून बसलेली, जनावर अडकलं तर तिथल्या तिथं. आताची फासकी म्हणजे मोटारसायकलच्या क्लचची जुनी तार. गॅरेजबाहेर फुकट पडलेली असते. कुपाटीच्या फटीत, पाण्याच्या वाटेवर लावायची आणि घरी जाऊन झोपायचं. लावणारा दोन दिवस येत नाही, चार दिवस येत नाही, कधी विसरतोच. तारेला डुक्कर कळत नाही, भेकर कळत नाही. कराड, वाळव्याकडं उसात बिबटे राहतात, त्यांच्या कमरेला तार आवळल्याच्या बातम्या आपल्याच अंकात येतात.

एका धनगरवाड्यावरून रात्री नऊच्या सुमाराला दोघं जण पाडी घेऊन आले होते, झोळीत घालून, चार तास चालत. दहा महिन्यांची काळी पाडी. आठ दिवस रानात चुकलेली, सापडली तेव्हा तार तोडून तीन पायांवर उभी. पुढच्या उजव्या पायाला, गुडघ्याच्या खाली, वरून फक्त सूज दिसत होती. बोटानं चाचपलं तेव्हा आत तारेचा पीळ लागला. मांस त्याच्यावरून वाढून आलं होतं. टर्पेंटाइनचा बोळा ठेवला तशा अळ्या बाहेर यायला लागल्या, एक वाटी भरली. पक्कडीनं एक एक पदर तोडत तार काढायला दीड तास लागला. म्हातारा तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता आणि एकसारखा तिच्या कानात काहीतरी बोलत होता. पाडी जगली, पण खूर गळून पडलं. पुढं ती कधी रानात चरायला जाऊ शकली नाही. त्या म्हाताऱ्यानं मला विचारलं, "डाक्टर, तार कुणी लावली आसंल?" तार त्याच्याच वाडीच्या खालच्या गावातली होती, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. मी मान खाली घालून पट्टी बांधत राहिलो. आज वाटतं, तेव्हाच बोलायला हवं होतं.

डुकरांसाठी ठेवलेल्या गावठी बॉम्बानं जबडा फुटलेल्या गाईंबद्दल लिहीत नाही. तीन पाहिल्या. एकीची मालकीण घागर पुढं धरून म्हणत होती, "तोंड घालतीया, पर पाणी खाली जातंय." तेवढंच लिहितो.

आता अमेरिका. माझा पुतण्या सहा वर्षं कोलोरॅडोत होता, त्याला मी फोन करून विचारलं आणि त्यानं तिथल्या मित्रांकडून खात्री करून सांगितलं. आपल्या सांबराच्या कुळातलं, पण त्याहून थोराड असं एल्क नावाचं हरीण तिथल्या बर्फाच्या डोंगरात असतं. त्याचीही शिंगं हिवाळा सरताना गळतात आणि लोक ती गोळा करतात, हे खरं. पण कोलोरॅडोच्या डोंगराळ भागातल्या सरकारी जमिनीवर १ जानेवारी ते ३० एप्रिल शिंग गोळा करायला पूर्ण मनाई असते. कारण त्याच महिन्यांत जनावर उपाशी, माद्या गाभण, आणि शिंगासाठी मागं लागणाऱ्या माणसांनी त्यांना बर्फातून पळवलं तर ती मरतात. हा अनुभव घेऊन त्यांनी मनाई केली. वायोमिंग राज्यात जॅक्सन नावाच्या गावाजवळ एल्कांसाठी राखीव क्षेत्र आहे. तिथली शिंगं कुणीही उठून उचलत नाही. स्काउटची मुलं ती गोळा करतात, मे महिन्यात गावच्या चौकात लिलाव होतो आणि पैशाचा मोठा वाटा त्या राखीव क्षेत्रालाच परत जातो. शिकारीचं तसंच. परवाना, ठरलेला हंगाम, ठरलेली संख्या, आधी प्रशिक्षण. १९३७ पासून तिथं बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांच्या कामाला जातो. आणि रानातल्या शिकारीचं मांस तिथं बाजारात विकता येत नाही. एकोणिसाव्या शतकात त्यांच्याकडे बाजारासाठी शिकार झाली, कोट्यवधी गवे होते ते काही शेकड्यांवर आले, तेव्हा त्यांचे डोळे उघडले.

म्हणजे मित्रा, तू ज्याला मोकळीक म्हणतोस तिच्याभोवती किती कुंपण आहे ते बघ. शिवाय त्यांच्याकडे एल्कांचे कळप लाखांत मोजतात. आपल्याकडे कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, सगळा मिळून ११६५ चौरस किलोमीटर. त्यात वाघाला खायला हरणं कमी पडतात म्हणून सांगली जिल्ह्यातल्या सागरेश्वरहून चितळं नेऊन सोडावी लागतात. २०२५ च्या नोव्हेंबरात ताडोबाहून वाघीण आणून चांदोलीत सोडली. वाघाला साधारण आठवड्याला एक मोठं जनावर लागतं. सांबर हे त्याचं मुख्य अन्न. एका शिंगासाठी फासकीत गेलेला नर म्हणजे त्या वाघिणीच्या ताटातला घास, आणि तो गेला की तिची नजर धनगरवाड्याच्या पाडीकडं वळणार.

रानडुकरांच्या त्रासाबद्दल त्या पत्रात एक ओळ आहे, तिच्याशी मात्र मी सहमत आहे. भुईमूग, रताळी, भात, एका रात्रीत उलथून टाकतात. माझ्या भावानं गेल्या पावसाळ्यात माळ्यावर दीड महिना राखण केली, पत्र्याचा डबा बडवून हात सुजला. त्याच्या जागी बसून बघितल्याशिवाय कुणी त्याला जीवदया शिकवू नये. पण पिकाची नासाडी करणाऱ्या डुकरासाठी वनाधिकाऱ्याची लेखी परवानगी मागण्याची तरतूद आहे, नुकसानभरपाईचा अर्ज आहे, पंचनामा आहे. हे सगळं वेळेवर होत नाही, ही खरी तक्रार. त्याच्यासाठी आपण भांडू, मी पुढं होतो. तार लावून मात्र ते सुटत नाही. डुक्कर हुशार, ते बऱ्याचदा वास घेऊन वळसा घालतं. अडकतं ते भेकर आणि शेजाऱ्याचं वासरू.

शेवटी आमच्या शिंगाचं काय झालं ते सांगतो, कारण माझी खरी मागणी तिथं आहे. २००३ साली केंद्र सरकारनं नियम काढून अशा जुन्या वस्तू जाहीर करायला १८० दिवसांची मुदत दिली होती. आमच्या खोऱ्यात ती कुणाला कळली नाही, मी सरकारी नोकर असून मलाही कळली नाही. मुदत गेली. वडील वारल्यावर ते शिंग माझ्या नावावर आलं म्हणायचं. ठेवावं तर गुन्हा, विकावं तर मोठा गुन्हा. २०१९ मध्ये निवृत्तीनंतर ते पोत्यात गुंडाळून मी वनखात्याच्या एका कार्यालयात गेलो. पहिल्या खेपेला साहेब नव्हते. दुसऱ्या खेपेला मला अडीच तास बसवून जबाब घेतला: कुठून आणलं, अजून काय आहे, कुणाला विकलं. समोरच्या बाकावर माझ्या गावचे दोघं बसले होते, ते बघत होते. तिसऱ्या खेपेला एका तरुण अधिकाऱ्यानं नीट ऐकून घेतलं, पंचनामा केला, शिंगाचं माप घेतलं, वजन केलं, पोचपावती दिली आणि चहा पाजला. त्याचे आभार मानतो. पण बाकावरच्या त्या दोघांनी गावात काय सांगितलं असेल? महिन्याभरात आमच्या आळीतल्या एका घरातलं शिंग पडक्या विहिरीत गेलं. दुसऱ्या घरातलं कुठं गेलं ते विचारलं नाही, पण मोटारसायकलवाले अजून हिंडतात.

२०२२ च्या कायदादुरुस्तीत, ज्याच्याकडे मालकीचा दाखला आहे त्याला अशी वस्तू शासनाकडं जमा करायची सरळ वाट करून दिली आहे. दाखला नसलेल्या माणसाचं काय? खोऱ्याखोऱ्यात जुनी शिंगं आहेत ती दाखला नसलेल्यांकडेच. म्हणून वनखात्याला आणि आमच्या भागातल्या लोकप्रतिनिधींना विनंती आहे की शासनाच्या पातळीवर एकदा मुदत देऊन, ग्रामपंचायतीत दवंडी देऊन, गावातच शिंगं जमा करून घ्यावीत. वनरक्षकानं यावं, सरपंच आणि पोलीसपाटलांच्या समोर नोंद करावी, पावती द्यावी, आणि पिढीजात वस्तू स्वतःहून देणाऱ्याला आरोपीसारखं बसवू नये. त्या नोंदीत बुडाचा फोटो घ्यावा. किती पडलेली आणि किती कवटीतून काढलेली, हा हिशोब खोऱ्याला एकदा दिसू दे. ही मुदत संपल्यावर ज्याच्याकडे शिंग सापडेल त्याला मात्र कायद्यानं काय ते करावं. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यात शिकारीला किमान तीन आणि कमाल सात वर्षं कैद आहे, तेही त्याच दवंडीत सांगावं.

दुसरी विनंती गॅरेजवाल्यांना. तालुक्याच्या गावात बसस्थानकाच्या अलीकडं-पलीकडं आठ-दहा गॅरेजं आहेत. क्लचच्या जुन्या तारा बाहेर फेकू नका. हातभराचे तुकडे करून भंगारात द्या. पक्कडीचं दोन मिनिटांचं काम आहे. मी तिघांशी बोललो, तिघांनी ऐकलं.

त्या तरुण गिर्यारोहकाला सांगणं एवढंच, की शिंग अजून घरी असेल तर स्वतःहून नेऊन दे. आणि पुढच्या वेळी दिसलं तर तिथंच ठेव, बुडाचा आणि दातांच्या खुणांचा फोटो काढ, वर्षानं त्याच वाटेनं जा. आमच्या खोऱ्यातल्या कुणाच्या माळ्यावर किंवा देवघरामागं असं शिंग असेल आणि कार्यालयाची पायरी एकट्यानं चढायचा धीर होत नसेल, तर माझ्याकडं यावं. अर्ज मी लिहून देईन आणि बाकावर शेजारी बसेन.

आपला विश्वासू,
एक निवृत्त पशुधन पर्यवेक्षक
ता. पाटण, जि. सातारा